ओलं कापड

बोट शालीतून आरपार गेलं तेव्हा त्याला आधी ते आपलं वाटलंच नाही. पांढऱ्या लोकरीतून एक सुरकुतलेलं, पाण्यानं फुगलेलं टोक वर डोकावत होतं आणि तो त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. मग हातातला ब्रश त्यानं हळूच टेबलावर ठेवला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफेचा नळ फुसफुसत होता, पुढे काउंटरवर मालकीणबाई कोणाला तरी परवाचा वायदा करत होत्या. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त शालीला भोक पडलं होतं. उभ्या जन्मात त्याच्या हातून कापड खराब झालं नव्हतं. इथं त्याला सगळे डागमास्तर म्हणत. इस्त्रीवरच्या नव्या पोरींना तर त्याचं खरं नाव ठाऊकही नव्हतं. शाई असो, गंज असो, रक्त असो, गिऱ्हाईक रडवेलं होऊन कपडा पुढे करायचं आणि हा मान वर न करता म्हणायचा, "ठेवा. बघू." मास्तरांचं 'बघू' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मालकीणबाई छातीठोकपणे सांगत. आणि आज सख्ख्या बहिणीच्या शालीला, तेही एवढ्याशा द्राक्षरसाच्या डागापायी, त्यानं भोक पाडलं होतं. बरं, डाग तरी होता का? त्यानं शाल खिडकीच्या उजेडात धरली. भोकाभोवती ओल होती, नुसती पाण्याची ओल. डाग कधीच निघून गेला होता. तो मात्र घासत बसला होता.

ओलं कापड खोटं बोलतं, असं त्याला हे काम शिकवणारे म्हातारे मास्तर म्हणायचे. ओल गडद दिसते, नवशिक्याला तोच डाग वाटतो, आणि तो बिचारा इमानेइतबारे पाण्यालाच रगडत बसतो. म्हणून टिपायचं, घासायचं नाही. कडेकडून मधे यायचं. आणि मग हात मागे घ्यायचा. "हात मागे घेणं हे निम्मं काम आहे, बाळा," ते म्हणायचे. "वाळू दे. वाळल्यावर काय ते बोल." हे त्यानं स्वतः किती पोरींना शिकवलं होतं, किती जणींच्या हातातून ब्रश काढून घेतला होता. लोकांना सांगायचं आणि आपण कोरडे पाषाण! कोरडे तरी कुठले, इथं तर सगळा घोळ ओलेपणाचाच होता. मालकीणबाई आत आल्या, शाल बघून त्यांनी तोंडावर हात नेला. "अगबाई! कोणाची ही?" "माझीच," तो म्हणाला, आणि मग, "म्हणजे, बहिणीची." "मग सुटलात म्हणायचं. गिऱ्हाइकाची असती तर माझी काही खैर नव्हती." त्या हसल्या, मग त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, "मास्तर, घरी जा बरं आज. तुमचा जीव थाऱ्यावर नाही." त्यानं शाल घडी केली, भोक आतल्या बाजूला गेलं, आणि ही आपली लपवाछपवी बघून त्याला स्वतःचीच किळस आली.

रस्त्यावर दुपार कलली होती. दुकानांच्या फळ्यांवर ऊन तिरपं पडलं होतं. त्याच्या बोटांना अजून डागावर लावलेल्या सिरक्याचा वास येत होता, आणि त्या वासानं रविवार परत आला. ख्रिस्ती देवळातल्या त्या लांब बाकावर तो नेहमी टोकाच्या अलीकडे बसे आणि त्याच्या डाव्या हाताला, अगदी टोकाशी, भिंगरी. बहिणीचं हे नाव लहानपणीचं. ती एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं आणि पुढं तिच्या पायाचं तसं झाल्यावरही टिकलेलं. उपासना संपत आली की भाकरीची ताटली फिरे, मग छोट्या छोट्या पेल्यांचं तबक. प्रभूनं आपल्यासाठी देह मोडू दिला, रक्त सांडू दिलं, ते आठवून घ्या, असं पाळकसाहेब म्हणत, आणि सगळी मंडळी घेई. हा घेत नसे. ताटली उजवीकडून येई आणि त्याच्या हातातून डावीकडे जाई, तबकाचंही तेच. कित्येक वर्षं. पाळकसाहेबांनी सुरुवातीला दोनदा हटकलं, घरीही येऊन गेले, मग त्यांनीही नाद सोडला. भिंगरीनं मात्र कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि या रविवारी तिनं तबक धरलंच नाही. "घे," ती पुटपुटली. "अगं धर, लोक थांबलेत." "तू घे. मग धरते." मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. त्याच्या मनगटाला तबकाचं वजन जाणवायला लागलं. "मी फार दिवस नाही रे, दादा," ती तितक्याच हळू म्हणाली. "एकदा बघू दे ना मला." त्यानं तबक तिच्याकडे जरा जोरानंच सरकवलं, एक पेला कलंडला आणि तिच्या पांढऱ्या शालीवर जांभळा ठिपका पसरत गेला. ती ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, भर देवळात. "झालं," ती म्हणाली. "घ्यायला सांगितलं तर सांडून ठेवलंस. आता निदान तुला काम तरी मिळालं."

फार दिवस नाही, हे खरंच होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. फुफ्फुसं थकलीत, एवढंच ते म्हणाले, जशी काही ती घरातली दोन म्हातारी माणसं होती. ती जाणार हे त्याला कळत होतं, आणि जाण्याआधी तिला काय हवं आहे तेही कळत होतं. साडी नको, दागिना नको, तीर्थाचं गाव नको. एक घास आणि एक घोट, तोही त्यानं घ्यायचा. एवढं फुकटचं, एवढं हलकं मागणं कोणी भावाजवळ मागितलं नसेल, आणि नेमकं तेच त्याला जड झालं होतं. पाळकसाहेब म्हणाले होते, देवानं क्षमा केली आहे, तुम्ही फक्त ती घ्यायची आहे. फक्त! त्याच्या धंद्यात फक्त असं काही नसे. प्रत्येक डागाला त्याचं त्याचं पाणी, त्याचा त्याचा वेळ, त्याची त्याची मेहनत लागे. नुसतं 'गेला' म्हटल्यानं गंज जात नाही. त्याच्या डोक्यानं हे कबूल केलं होतं की देवाचं काम लाँड्रीसारखं नसावं. पण हात ऐकत नव्हते. आणि प्रार्थनेतला तो शब्द. देवळात अजून जुन्या भाषेतली प्रार्थना चालत असे. तिच्यात क्षमा कर असं नव्हतं. आमचे अपराध सोड, असं होतं. त्या 'सोड'पाशी आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. मंडळीचा आवाज पुढे निघून जाई, हा मागे राही, आणि पुढच्या ओळीला धावत जाऊन सगळ्यांना गाठी.

गल्ली उताराची होती. घराच्या मागच्या दारापासून ती थोडी सपाट जाई आणि मग एकदम खाली, मोठ्या रस्त्याला मिळे. सायकल त्याची होती. दोन वर्षं बापाच्या मागे भुणभुण लावून मिळवलेली, आणि मिळून महिना झाला नाही तोच बापानं तिची सीट खाली केली आणि सांगितलं, हिलाही शिकव. तो सोळा वर्षांचा, ती जेमतेम दहाची. मागचं कॅरिअर धरून तो तिच्यामागे वाकून धावत होता, कंबर भरून आली होती, आणि कोपऱ्यावर त्याचे मित्र उभे राहून फिदीफिदी हसत होते. "दादा, सोडू नकोस हं," ती म्हणत होती. "धरलंयस ना? सोडू नकोस हं." "नाही गं बाई, नाही सोडत." सायकल शिकवणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा सोडतोच, न सांगता सोडतो, शिकवायची रीतच ती. पण ते सपाटीवर. त्यानं सोडली ती उताराच्या तोंडाशी. आणि शिकवायला म्हणून सोडली नाही. सीट खाली केली म्हणून सोडली, मित्र हसले म्हणून सोडली. बोटं उघडली त्या क्षणी त्याला हलकं हलकं वाटलं होतं, पोटात गुदगुल्या झाल्यासारखं. मग सायकल वेगानं लहान लहान होत गेली, खाली सामानाची एक गाडी वळत होती, आणि आवाज ऐकू आला तो लोखंडाचा. भिंगरी ओरडली नाही. पुढे कितीतरी वर्षं त्याला वाटे, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पण याहूनही वाईट ते इस्पितळात झालं. पाय गुडघ्यापाशी चिरडला होता, आणि आईनं त्याच्या दंडाला धरून हलवत विचारलं, "सोडलंस कशाला रे तिला?" आणि त्याच्या तोंडून, मागून कोणी ढकलावं तसं, बाहेर पडलं, "तीच म्हणाली, सोड." भिंगरी पलंगावर डोळे मिटून पडली होती, तिला ऐकू येत नसेल असं त्याला वाटलं होतं. तिनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, मग आईकडे. "हो," ती म्हणाली. "मीच म्हणाले." बस्स, एवढंच. पाय पुढं जुळला, पण आखूड जुळला. आणि मग आयुष्यभर, ती जिन्याच्या कठड्याला धरून पायरी पायरी उतरायला लागली की आई म्हणायची, "हट्टी कार्टी! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास." भिंगरी हसायची. तो ताटावरून उठून जायचा. आई तशीच गेली, मुलीला हट्टी समजत. पुष्कळ वर्षांनी, आईला पुरून आल्यावर, त्यानं भिंगरीसमोर बसून सगळं कबूल केलं, घामाघूम होऊन, शब्दासाठी चाचपडत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, हे तू मला काय सांगतोयस? सायकलवर मीच होते ना!" त्यानं मग पाळकसाहेबांनाही सांगितलं, गुडघे टेकून देवालाही सांगितलं, एकदा नाही, शंभरदा. सगळ्यांनी माफ केलं. कोणीच दार लावून घेतलं नाही. त्यालाच उंबरठा ओलांडवेना. तिचं लग्न जमलं नाही, म्हणून त्यानंही केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, राहून गेलं. भिंगरीला याचा राग येई. "हे माझ्या नावावर खपवू नकोस हं," ती म्हणायची. ती लहान मुलांच्या शाळेत गाणी शिकवून मजेत राहिली. तिच्या एका बुटाला जाड तळवा लागे. तो झिजला की चांभाराकडे नेऊन बसवून आणायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं, आणि आणताना वाटेत तो त्या बुटात हात घालून तळव्याची जाडी चाचपून बघायचा. जितका पाय आखूड, तितका तळवा. हे एक माप तरी चोख होतं.

तिचं दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावर तीन उशा रचून ती बसली होती. आडवं झालं की श्वास कोंडे. शेजारच्या नर्सबाई ड्यूटीला जायच्या आधी डोकावून गेल्या असाव्यात, कारण पाण्याचा पेला भरलेला होता. "आणलीस?" तिनं विचारलं. त्यानं शाल तिच्या मांडीवर ठेवली आणि उभाच राहिला. तिनं घडी उलगडली. भोक सापडायला तिला वेळ लागला नाही. तिनं त्यात बोट घातलं, वाकवलं, दोनदा हलवलं, बाहुलीनं मान डोलवावी तसं. "आणि डाग?" "गेला." "कधी?" "माहीत नाही. आधीच गेला असणार. मी आपला घासतच बसलो."  खिडकीखालून कोणाची तरी गाडी वाळूवर चाक घासत गेली. त्याला वाटलं, आता ती काहीतरी उपदेशाचं बोलेल, एवढी आयती संधी कोण सोडेल! पण ती म्हणाली, "बस ना. उभा काय राहतोस पाहुण्यासारखा." तो पलंगाच्या कडेला बसला. आणि मग जे त्यानं पाळकसाहेबांना सांगितलं नव्हतं, देवासमोरही पुटपुटून उरकलं होतं, ते तो बोलला. "भिंगरे, मला सोडताना मजा वाटली होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली, इस्पितळात बघितलं होतं तसंच, बराच वेळ. "मलाही," ती म्हणाली. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मलाही वाटली होती. सुरुवातीला. उतारावर वारं लागलं ना तोंडाला? मी मागे बघितलं, तू लांब होतास. म्हटलं, अय्या, मी एकटी चालवतेय!" तिला धाप लागली, ती थांबली, हातानंच त्याला थांब म्हणाली. "नंतरचं वाईट होतं. ते मी काही गोड करून सांगत नाही. दुखलं. खूप वर्षं दुखलं. आईचं बोलणं तर पायाहून दुखलं. पण मी ते धरून राहिलेय असं जे तुला वाटतंय ना, ते... मी केव्हाच सोडलं, दादा. केव्हाच. तूच आपला कॅरिअर धरून मागनं पळतोयस. पुढे सायकल तरी आहे का, बघ की जरा." ती हसली, आणि हसण्याचा खोकला झाला. त्यानं पाणी दिलं. तिची पाठ चोळताना त्याच्या हाताला तिच्या बरगड्या मोजता येतील इतक्या लागल्या. "प्रार्थना म्हणूया," ती म्हणाली. "नीट म्हण हं." दोघांनी डोळे मिटले. तिचा आवाज तुटक, त्याचा दबका. ओळ 'सोड'पाशी आली आणि तो थांबला. तीही थांबली. ती पुढे जाईना. खोलीत तिच्या श्वासाची घरघर तेवढी राहिली. शब्द त्याच्या दातांमागे आला होता, खरंच आला होता. पण एकदा ही बोटं उघडली होती आणि भिंगरी खाली गेली होती. आता उघडली तर? सोडलं तर हातात राहणार काय, आणि ती थांबणार कशासाठी? हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं. सोडल्यानं ती जाणार नव्हती आणि धरल्यानं राहणार नव्हती. तरी तोंड उघडेना. "बरं, राहू दे," शेवटी ती म्हणाली. "माझा श्वास तेवढा पुरायचा नाही." आणि पुढच्या ओळी तिनं एकटीनंच म्हटल्या, दोघांची मिळून, मधे मधे थांबत, आमेनपर्यंत.

त्यानंतर ती देवळात आली नाही. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घरी घेऊन आले तेव्हा तो पायरीवर जाऊन बसला. आतून त्याला हाक आली नाही, याचं त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. ती गेली ती एका साध्या दुपारी, कोणीतरी जिन्यात फर्निचर चढवत होतं तेव्हा. तो तिचा हात धरून बसला होता. बाहेरचे हमाल "जरा डावीकडे, डावीकडे" ओरडत होते, आणि त्या गोंगाटात तिचा शेवटचा श्वास कुठला हे त्याला कळलंच नाही. नर्सबाई आल्या, त्यांनी तिच्या मानेपाशी बोटं ठेवली, डोळे मिटवले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काका, हात सोडा आता." त्यानं ऐकलं नाही असं नव्हे. "काका. सोडा." बोटं एकेक करून उघडायला लागली. तिचा हात चादरीवर पडला, आणि जिथं पडला तिथंच राहिला. कुठं गेला नाही. तो ढसाढसा रडला, सोळाव्या वर्षी रडायचं राहून गेलेलं सगळं रडला.

पुढच्या रविवारी तो बाकाच्या टोकाकडच्या आपल्या जागेवर जाऊन बसला. शाल त्याच्या मांडीवर होती; रफूवाल्याकडे न्यावी असं त्याला वाटलं नव्हतं. लोक येऊन हात दाबून गेले, पण डावीकडची जागा मात्र लाजेनं म्हणा, मायेनं म्हणा, कोणीच घेतली नाही. प्रार्थना सुरू झाली. 'सोड'पाशी तो नेहमीसारखा थांबला, मंडळी नेहमीसारखी पुढे गेली. आज त्यानं धावत जाऊन गाठलं नाही. सगळ्यांचं आमेन झालं, पाळकसाहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं, आणि त्या शांततेत त्याच्या घशातून खरखरीत, वेळ टळलेला आवाज निघाला, "सोड." पुढच्या बाकावरच्या दोन पोरांनी वळून बघितलं, त्यांच्या आईनं त्यांची डोकी परत फिरवली. भाकरीची ताटली आली. जुन्या सवयीनं ती घेऊन तो डावीकडे वळला. तिथं कोणी नव्हतं. बाकाचं झिजून गुळगुळीत झालेलं लाकूड होतं, आणि त्याच्या पलीकडे वाट. पुढे द्यायला शेजारी कोणी उरलंच नव्हतं. ताटली त्याच्या हातात तशीच राहिली, आणि ती राहिली म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं एक तुकडा उचलला. सुका होता, चावायला वेळ लागला. मग तबक आलं. पेला ओठांना लावताना तो जरा जास्तच कलला आणि एक थेंब शालीवर, भोकाच्या जवळच, पडला. जुन्या वळणानं त्याचा अंगठा तिकडे गेला. मग त्यानं हात मागे घेतला, आणि थेंब वाळेपर्यंत तो तिथंच बसून राहिला.